विचारा बिनधास्त : परराष्ट्रीय माणसं मंडळीत आली कशी?

मागच्या अंकात बोलता बोलता लिहून गेलो होतो की पहिले ख्रिस्ती सगळेच्या सगळे यहुदी होते, येशू यहुदी, बारा शिष्य यहुदी, आणि बाकीचे लोक, म्हणजे मराठी बायबलच्या भाषेत परराष्ट्रीय, ते मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समुदायात, नंतर आले आणि ते येताना बरीच भांडणं झाली. झालं, तेवढ्यावरून नवापूर, नंदुरबार, शहादा, भुसावळ, धुळे, अमळनेर, सगळीकडून प्रश्न. पोस्टकार्डं कमी, व्हॉट्सअॅप जास्त, आणि काही तर लांबलचक व्हॉइस मेसेज, ते ऐकून लिहून काढलेत. नावं छापत नाही, कारण बऱ्याच जणांच्या घरातच यावरून जुंपलेली दिसतेय (एकाने तर सुरुवातच केली, "भाऊ, आमना घरमा रोज हाऊच वाद चालू शे"). मी पाळक नाही की फादर नाही, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेला माणूस आहे, तेव्हा उत्तरं त्या अंगाने घ्या.

प्रश्न : सर, संडे स्कूलमधे शिकवलं की कर्नेल्य हा पहिला परराष्ट्रीय ख्रिस्ती. पण त्याच्या आधी फिलिप्पाने इथिओपियाच्या खजिनदाराला बाप्तिस्मा दिलाच होता ना? मग पहिला कोण? (कॉलेज विद्यार्थिनी, नवापूर)

उत्तर : बरोबर पकडलंस. प्रेषितांच्या कृत्यांमधे (बायबलमधलं पहिल्या मंडळीच्या हकिगतीचं पुस्तक) खजिनदार आठव्या अध्यायात येतो आणि कर्नेल्य दहाव्या. कंदाके राणीच्या खजिन्यावरचा मोठा अधिकारी, यरुशलेमला उपासनेला येऊन परत चाललाय, रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय, वाटेत ख्रिस्ती प्रचारक फिलिप्प भेटतो, पाणी दिसतं, बाप्तिस्मा होतो आणि साहेब आनंदाने आपल्या देशाला निघून जातात. विषय संपला. त्यावरून कुणी भांडलं नाही, कारण कुणाला त्याच्याबरोबर राहायचं नव्हतं, जेवायचं तर नव्हतंच.

कर्नेल्याचं तसं नाही. हा कैसरीयाला असलेल्या रोमन फौजेतला शताधिपती, इटालिक नावाच्या पलटणीतला. देवाला मानणारा, दानधर्म करणारा, पण सुंता झालेली नाही. त्याला दर्शन होतं की यापोला माणसं पाठव आणि पेत्राला बोलावून घे. इकडे यापोत पेत्र (बारा शिष्यांतला पुढारी) भर दुपारी घराच्या धाब्यावर प्रार्थनेला गेलेला (धाबं म्हणजे आपलं छताचं, हायवेवरचं नाही), पोटात कावळे ओरडतायत, खाली स्वयंपाक चाललाय, आणि त्याला दिसतं की आकाशातून एक मोठी चादर खाली येतेय, तिच्यात सगळ्या जातीची जनावरं, सरपटणारे, पाखरं, आणि आवाज येतो की ऊठ, मार आणि खा. पेत्र म्हणतो, छे छे प्रभू, मी असलं अपवित्र कधी तोंडाला लावलं नाही. आवाज म्हणतो, देवाने जे शुद्ध केलं त्याला तू अशुद्ध म्हणू नको. असं तीनदा. भुकेल्या माणसाला हे दर्शन जेवणाचंच पडावं यात मला तरी कृत्ये लिहिणाऱ्या लूकच्या लिखाणाची गंमत वाटते.

आता पेत्र कुणाच्या घरी उतरलेला होता ते बघ. शिमोन नावाच्या कातडी कमावणाऱ्याच्या घरी, समुद्राच्या काठाला. का काठाला? तर हा धंदा वासाचा, मेलेल्या जनावराचा, गावात कुणाला नको असलेला. पुढे साधारण २०० सालाच्या सुमाराला यहुदी नियमांचा जो संग्रह झाला, मिश्ना म्हणतात त्याला, त्यात स्पष्ट आहे की कातडी कमावायची जागा गावापासून ५० हात लांब पाहिजे आणि ती सुद्धा पूर्वेच्या बाजूलाच. म्हणजे यहुद्यांमधेही जो जरा बाजूलाच ठेवलेला माणूस, त्याच्या घरी पेत्र आधीच मुक्कामाला आहे. आणि कर्नेल्याचे दोन नोकर आणि एक शिपाई दारात येतात तेव्हा पेत्र त्यांना आत बोलावतो, रात्री ठेवून घेतो. हे एका ओळीत येतं आणि वाचणारे पुढे पळतात, पण मला वाटतं अर्धं काम त्या रात्रीच झालं. दुसऱ्या दिवशी पेत्र निघाला, बरोबर सहा भाऊबंद साक्षीला, पन्नासेक किलोमीटर कैसरीया. तिथे तो बोलत असतानाच पवित्र आत्मा त्या सुंता न झालेल्या लोकांवर उतरला आणि मग पेत्राला बाप्तिस्मा नाकारायला कारणच उरलं नाही.

परत यरुशलेमला आल्यावर त्याला काय विचारलं गेलं माहितीये? बाप्तिस्मा का दिलास असं नाही. तू सुंता न झालेल्यांच्या घरी गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास, हा आरोप. इथून पुढे सगळा झगडा याच भोवती फिरतो, विश्वास कुणी ठेवावा याच्यावर फार वाद नव्हता, ताटाला ताट लावून कोण बसणार हा वाद होता.

बाकी पहिला कोण म्हणशील तर माझं मत कर्नेल्यही नाही आणि खजिनदारही नाही. यरुशलेमच्या मंडळीतल्या स्तेफनाला दगडांनी मारल्यावर जी पळापळ झाली त्यात काही लोक फेनिके (आजचं लेबनॉन), कुप्र (सायप्रस), अंत्युखियापर्यंत गेले, ते फक्त यहुद्यांनाच सांगत होते. पण त्यातले काही कुप्र आणि कुरेने इथले (कुरेने म्हणजे आजच्या लिबियात) अंत्युखियात आल्यावर सरळ ग्रीकांशीच बोलायला लागले. कुणाची परवानगी नाही, दर्शन नाही, चादर नाही. त्यांची नावं सुद्धा तिथे दिलेली नाहीत. आणि लोक आले, भरपूर आले. यरुशलेमच्या मंडळीला कळलं तेव्हा त्यांनी आपल्यातल्या बर्णबाला चौकशीला पाठवलं, तो स्वतः कुप्रचाच, त्याने जाऊन बघितलं आणि आडकाठी करायच्या ऐवजी तार्सला जाऊन पौलाला (आधी ख्रिस्त्यांचा छळ करणारा, मग स्वतःच ख्रिस्ती झालेला यहुदी) शोधून आणलं. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा पडलं ते याच गावात. आजचं तुर्कस्तानातलं अंताक्या, २०२३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालं तेच.

प्रश्न : पण सुंतेला इतकं चिकटून बसायचं कारण काय? पेत्राने डोळ्याने बघून येऊन सांगितलं तरी ऐकेनात. नुसता कर्मठपणाच ना? (नंदुरबार)

उत्तर : इतकं सोपं करू नका हो. ही बाजू आपल्याकडे प्रवचनात फार घाईने उडवून लावतात.

सुंता ही अब्राहामाशी झालेल्या कराराची खूण, मुलगा जन्मल्यावर आठव्या दिवशी करायची. ठीक आहे, हे झालं शास्त्र. पण त्याच्यामागे रक्ताचा इतिहास आहे. इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमाराला अंतियोख चौथा नावाच्या राजाने यहुद्यांचा धर्मच बंद करायला घेतला, मंदिरात दुसऱ्या देवाची वेदी आणि सुंतेवर बंदी. ज्या आयांनी तरीही मुलांची सुंता केली त्यांना मारलं आणि बाळं त्यांच्या गळ्यात लटकवली, मक्काबींच्या ग्रंथात हे लिहून ठेवलंय. ज्या गोष्टीसाठी आज्या-पणज्या मेल्या ती गोष्ट आता सोडून द्या, चालतंय, असं कुणी येऊन म्हटलं तर तुम्ही काय कराल? शिवाय कर्नेल्य म्हणजे काही दाराबाहेर ताटकळणारा गरीब बिचारा नव्हे, देश ज्यांच्या ताब्यात होता त्या फौजेतला साहेब होता.

आणि दार अगदी बंद होतं असंही नाही. परराष्ट्रीय माणसाला यहुदी होता येत होतं, सुंता, नियमशास्त्र सगळं घेऊन. यरुशलेमच्या मंडळीत विधवांना रोजचं अन्न वाटायच्या कामावर जे सात जण नेमले त्यातला निकलाव हा असाच अंत्युखियाचा, यहुदी झालेला. दुसरे असे की जे सभास्थानात, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनेच्या जागी, येत, देवाला मानत, पण सुंतेपर्यंत जात नसत. यरुशलेमच्या मंदिरात सुद्धा बाहेरचं अंगण सगळ्यांना मोकळं होतं, आत मात्र कठडा आणि त्याच्यावर ग्रीकमधे सूचना कोरलेली, की परक्याने आत येऊ नये, सापडला तर येणाऱ्या मरणाला तो स्वतःच जबाबदार. हा दगड १८७१ मधे क्लेर्मों-गानो या फ्रेंच संशोधकाला खरोखर सापडला, आता इस्तंबूलच्या म्युझियममधे आहे. पुढे पौलाला मंदिरात अटक झाली ती याच कारणावरून, त्रफिम नावाच्या इफिसच्या माणसाला त्याने आत नेलं असा लोकांचा समज झाला.

तेव्हा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातून विश्वासात आलेले जे लोक होते ते "यांना घेऊ नका" असं म्हणतच नव्हते. ते म्हणत होते घ्या, पण जो रस्ता आहे त्या रस्त्याने घ्या, आधी यहुदी होऊ द्या. यावर यरुशलेमला मोठी बैठक झाली. पेत्र म्हणाला की जे जू आपल्या बापजाद्यांना झेपलं नाही आणि आपल्यालाही झेपत नाही ते यांच्या मानेवर कशाला. बर्णबा आणि पौलाने परक्या लोकांत काय काय घडलं ते सांगितलं. शेवटी बोलला याकोब, येशूचा भाऊ, जो स्वतः नियमशास्त्राला फार धरून असलेला माणूस. त्याने आमोस संदेष्ट्याचं वचन काढलं आणि निर्णय दिला की यांना त्रास देऊ नका, सुंता नको, फक्त चार गोष्टी टाळायला सांगा : मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचं मांस आणि व्यभिचार. पत्र लिहिलं, यहूदा बर्सब्बा आणि सीला यांच्या हातात दिलं, आणि ते अंत्युखियात वाचल्यावर लोक खूश झाले. पुरुष जास्त खूश झाले असणार, मोठेपणी ते ऑपरेशन आणि तेही त्या काळात, भुलीशिवाय!

ही चारच का, असं आणखी काही जणांनी विचारलंय. लेवीय पुस्तकाच्या सतराव्या-अठराव्या अध्यायात इस्राएलात राहणाऱ्या परक्या माणसालाही लागू असलेले नियम आहेत, त्यांच्याशी ही यादी बरीच जुळते. आणि चारातल्या तीन गोष्टी खाण्याच्या आहेत हे लक्षात घ्या. म्हणजे यहुदी विश्वासणाऱ्याला परक्याच्या शेजारी बसून घास घशाखाली उतरवता यावा एवढी सोय. हा मला तरी फार शहाणा निर्णय वाटतो, दोन्हीकडच्यांनी थोडं थोडं सरकून जागा करायची.

प्रश्न : हे सगळं कोणत्या साली घडलं ते एकदा नीट द्या, टाइमटेबल असल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. (रेल्वेतून निवृत्त, भुसावळ)

उत्तर : भुसावळकरांनी विचारलं म्हणजे द्यावंच लागणार. येशूचं क्रूसावर जाणं साधारण सन ३० च्या आसपास, पौलाचं मन पालटलं ते तिशीच्या दशकात, यरुशलेमची बैठक ४८-४९ च्या सुमाराला. हे धरायचं कशावरून, तर गल्लियो नावाचा रोमन अधिकारी अखयात (ग्रीसचा दक्षिण भाग) सुभेदार असताना पौलाला करिंथमधे त्याच्यापुढे उभं केलं होतं, आणि डेल्फीला सापडलेल्या क्लौद्य बादशहाच्या कोरीव लेखावरून गल्लियोची कारकीर्द ५१-५२ च्या सुमाराला बसते. तिथून मागे मोजत जायचं. पाच-दहा मिनिटं इकडे तिकडे होणारच, आपल्या पॅसेंजरसारखं.

प्रश्न : अमळनेरला साने गुरुजींचं नाव रोज कानावर पडतं. पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना उघडावं म्हणून त्यांनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केलं आणि मंदिर उघडलं. तसंच यरुशलेमच्या बैठकीने दार उघडलं असं वर्गात सांगितलं तर चालेल का? (शिक्षिका, अमळनेर)

उत्तर : ताई, सांगा, पण दोन गोष्टी जोडून सांगा. पंढरपूरला बाहेर ठेवलेली माणसं ही पिढ्यान्‌पिढ्या दाबलेली, आपल्याच गावातली. इकडे बाहेरचे परराष्ट्रीय हे ग्रीक-रोमन, बहुसंख्य, आणि आतले यहुदी हेच मुळात दुसऱ्याच्या राज्याखाली. तेव्हा कोण वर कोण खाली हे तसंच्या तसं उचलू नका, मुलं लगेच यहुद्यांना खलनायक करून टाकतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, ठराव झाला म्हणजे काम झालं असं नाही, हे गुरुजींच्या बाबतीतही खरं आणि इथेही. गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल एक प्रसंग सांगतो. पेत्र अंत्युखियाला आलेला. रोज परराष्ट्रीय भावांबरोबर जेवतोय, मजेत. मग याकोबाकडून काही माणसं आली. आणि पेत्र हळूहळू मागे सरकायला लागला, वेगळा बसायला लागला, त्यांना भिऊन. त्याचं बघून बाकीचे यहुदीही उठले. इतकंच नाही तर बर्णबा सुद्धा वाहवत गेला, ज्याने ही मंडळी उभी केली तो बर्णबा! पौलाने सगळ्यांसमोर पेत्राला तोंडावर सुनावलं, की तू यहुदी असून परक्यांसारखा राहतोस आणि परक्यांनी मात्र यहुद्यांसारखं वागावं अशी जबरदस्ती कशी करतोस?

हे जेवण बंद दाराआड झालेलं नाही. एका पंगतीत काल बसलेला माणूस आज उठून पलीकडे जातो, एक शब्द न बोलता, आणि उरलेले एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. कैसरीयाला दर्शन बघितलेला, जाब विचारल्यावर ठणकावून उत्तर दिलेला पेत्रच इथे कच खातो. हा प्रसंग बैठकीच्या आधीचा की नंतरचा यावर अभ्यासकांत दोन तट आहेत, मला नंतरचा वाटतो. याकोबाच्या माणसांना पूर्ण खलनायक करायलाही मी तयार नाही, यरुशलेमला राहून आजूबाजूच्या यहुद्यांत वावरायचं म्हणजे त्यांच्यावरही दबाव होताच, पुढे ६२ साली याकोबाला मारून टाकलंच.

पौल जिंकला की हरला? पत्रात पौलाचं बोलणं आहे, पेत्राचं उत्तर नाही. आणि यानंतर पौल अंत्युखियाची मंडळी पाठीशी घेऊन फिरताना फारसा दिसत नाही, बर्णबाही त्याच्याबरोबर नाही (कृत्यांमधे फुटायचं कारण वेगळं दिलंय, योहान मार्कला बरोबर न्यायचं की नाही यावरून). मला तर वाटतं त्या दिवशी तो एकटा पडला.

प्रश्न : पौल एवढा सुंतेच्या विरोधात तर मग तीमथ्याची सुंता त्याने स्वतःच का केली? आणि तीताची नाही केली. ही डबल ढोलकी नाही का? (नंदुरबार)

उत्तर : वाटते खरी. हे दोघं पौलाचे सोबती. पण तीमथ्याची आई यहुदी होती, बाप ग्रीक. आईकडून तो यहुदीच धरला जाणार आणि सभास्थानात बरोबर न्यायचा म्हणजे अडचण नको. तीत सरळ ग्रीक. त्याची सुंता केली असती तर "बघा, शेवटी करावीच लागते" असा दाखला झाला असता. यहुद्याने यहुदी राहावं याला पौलाची हरकत कधीच नव्हती.

प्रश्न : आमच्या गल्लीत सगळे हिंदू शेजारी, चांगले संबंध आहेत. सत्यनारायण झाला की ताट झाकून प्रसाद येतो, कानबाईच्या रोटांनाही बोलावतात. मंडळीतले काही म्हणतात घ्यायचा नाही, ती चार नियमातली गोष्ट आहे. सासूबाई म्हणतात देवाचं नाव घेऊन खाऊन टाक. काय करू? (गृहिणी, शहादा)

उत्तर : ताई, हा प्रश्न ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या बायकांनाही पडलेला होता, अगदी हाच. त्या गावात बाजारातलं बरंचसं मांस देवळातून आलेलं असायचं, आणि देवळाला लागून जेवणाच्या खोल्या असायच्या, करिंथच्या उत्खननात तशा खोल्या सापडल्यात. बारसं, लग्न, धंद्याची पार्टी, सगळं तिथे. नाही गेलं तर चार लोकांतून उठलात.

पौलाचं उत्तर एका वाक्यात बसत नाही, आणि म्हणून मला ते प्रामाणिक वाटतं. तो म्हणतो मूर्ती ही काहीच नाही, त्यामुळे बाजारात जे विकतात ते न विचारता खा. कुणी विश्वास न ठेवणाऱ्याने घरी बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, पुढे ठेवतील ते खा, चौकशा करू नका. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे, तर त्या सांगणाऱ्याच्या मनाखातर नको. देवळातल्या पंगतीत जाऊन बसायला मात्र तो सरळ नाही म्हणतो. आणि सगळ्यात वर एक गोष्ट, माझ्या खाण्याने माझा दुबळा भाऊ ठेचकाळत असेल तर मी मांसच खाणार नाही. आता तुमच्या मंडळीतले जे नको म्हणतात त्यांच्याही बाजूने बोलायला जागा आहे, प्रकटीकरणात (बायबलचं शेवटचं पुस्तक) पर्गम आणि थुवतीराच्या मंडळ्यांना याच खाण्यावरून चांगलं झापलंय. म्हणजे पहिल्या शतकातच दोन मतं होती, तुमच्या गल्लीत दोन असली तर नवल नाही.

माझं स्वतःचं विचाराल तर शेजारणीने झाकून आणलेलं ताट दारातून परत पाठवणं मला जमणार नाही. पण तुमच्या घरात नुकतंच विश्वासात आलेलं कुणी असेल आणि ते बघून गोंधळत असेल, तर तेवढा विचार करा. शेजारणीला काय ते मोकळेपणाने सांगितलंत तर ती समजून घेते, बहुतेक वेळा आपल्यापेक्षा चांगलं घेते, पुढच्या वेळी पूजेआधीचं वेगळं काढून ठेवते. रक्ताबद्दलही तुम्ही विचारलंत, रक्ती खावी की नाही. इथियोपियाच्या जुन्या मंडळीत रक्त आजही वर्ज्य आहे, पश्चिमेकडच्या बहुतेकांनी तो नियम कधीच सोडला. तुमच्या पाळकांशी बोला, हे काम माझं नाही.

प्रश्न : येशूने स्वतः शिष्यांना बजावलं होतं की परराष्ट्रीयांकडे जाऊ नका. मग हा सगळा धर्म पौलाने आपल्या मनाने वाढवलेला आहे, असं युट्यूबवर एकाने सांगितलं. खरं का? (धुळे)

उत्तर : अर्धं खरं, आणि युट्यूबवर अर्ध्यावरच धंदा चालतो. मत्तयाने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, दहाव्या अध्यायात ते वाक्य आहे, इस्राएलाच्या हरवलेल्या मेंढरांकडे जा म्हणून. एका परक्या बाईने मुलीला बरं करा म्हणून विनवलं तर येशू म्हणाला मुलांची भाकर कुत्र्यांपुढे टाकणं बरं नाही. कडक बोलणं आहे, गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण ती बाई काय म्हणाली? हो महाराज, पण टेबलाखाली पडलेला चुरा कुत्री खातातच की. आणि येशूने तिचं ऐकलं. त्याच मत्तयात कफर्णहूमचा शताधिपती आहे, ज्याच्यासारखा विश्वास इस्राएलात सापडला नाही असं येशू म्हणतो, आणि शेवटी सर्व राष्ट्रांकडे जा अशी आज्ञाही आहे. लूकने लिहिलेल्या चरित्रात तर येशूच्या गावी, नासरेथच्या सभास्थानात त्याने सारफथची विधवा आणि सूरियाचा नामान, दोघंही परके, यांची नावं काढली तेव्हा गावकरी त्याला कड्यावरून ढकलायला निघाले.

राहिला पौल. तो यायच्या आधीच अंत्युखियात ग्रीक आत आलेले होते हे वर सांगितलंच. रोमची मंडळी त्याने स्थापन केली नाही, तिला पत्र लिहिलं तेव्हा तो तिथे गेलेलाही नव्हता. पौलाने काय केलं तर जे घडत होतं त्याला पक्का युक्तिवाद दिला, आणि दुसरं म्हणजे पैसा जमवला. मकदुनिया आणि अखयातल्या परराष्ट्रीय मंडळ्यांकडून यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी, आणि ती द्यायला जीव धोक्यात घालून स्वतः गेला. त्याच फेरीत मंदिरात पकडला गेला. याबद्दल व्हिडिओत कुणी बोलत नाही.

प्रश्न : आमच्याकडे मेहरूणची बोरं आहेत. गावठी बोरीच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरतात, हे पोराला पण माहिती. पौल लिहितो रानटी जैतुनाची फांदी चांगल्या झाडावर कलम केली. उलटंच झालं की हे! त्याला शेतीतलं कळत नव्हतं का? (शेतकरी, जळगावजवळ)

उत्तर : भाऊ, या महिन्यातला माझा आवडता प्रश्न. रोमकरांस पत्र, अकरावा अध्याय. पौल शहरात वाढलेला, तंबू शिवणारा माणूस, तेव्हा तुमची शंका रास्त. पण तोच पुढे लिहितो की हे कलम निसर्गाच्या विरुद्ध झालंय. म्हणजे त्याला ठाऊक होतं. तुमच्याकडे खुंट गावठी, फळ वरच्या डोळ्याचं. त्याच्याकडे मूळ जातिवंत, म्हणजे इस्राएल, आणि वर रानटी फांदी म्हणजे परराष्ट्रीय, आणि त्या फांदीला मुळाचा रस फुकटात मिळतोय. त्याच शतकातला कोलुमेला नावाचा शेतीवर लिहिणारा रोमन मात्र सांगतो की जैतुनाचं झाड नीट फळत नसेल तर खोडाला भोक पाडून त्यात रानटी जैतुनाची हिरवी काडी घट्ट बसवा, म्हणजे असलं काहीतरी तिकडे करतही असत.

पण पौलाला हे सांगायचं होतं कुणाला? रोमच्या परराष्ट्रीय ख्रिस्त्यांना, जे आता संख्येने वाढले होते आणि यहुद्यांना कमी लेखायला लागले होते. तो म्हणतो माज करू नको, तू मुळाला धरून ठेवलेलं नाहीस, मुळाने तुला धरलंय. काही वर्षांपूर्वी यांना आत घ्यायचं का यावर भांडण होतं आणि आता यांनाच गप्प करायची वेळ आली.

आणि त्यांनी ऐकलं नाही. ७० साली रोमनांनी यरुशलेम आणि मंदिर उद्ध्वस्त केलं, तिथल्या मंडळीचं वजन गेलं. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन नावाचा ख्रिस्ती लेखक या प्रश्नावर लिहितो की एखादा यहुदी ख्रिस्तावर विश्वास ठेवतो आणि सुंता, शब्बाथही (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) पाळतो, तर तो तरेल का? जस्टिन म्हणतो तरेल, त्याने दुसऱ्यांवर ते लादलं नाही म्हणजे झालं. पण लगेच कबूल करतो की असे ख्रिस्ती आहेत जे अशा माणसाशी बोलत नाहीत, त्याला घरी बोलावत नाहीत. शंभर वर्षांत पंगतीतून उठणारे बदलले, उठणं तेच.

जागा संपली. ३२५ सालच्या नायकेच्या परिषदेने ईस्टरची तारीख यहुद्यांच्या हिशोबापासून कशी तोडली हे भुसावळच्याच आणखी एका वाचकांनी विचारलंय, ते पुढच्या अंकात. पंचांगाचा विषय आहे, निवांत लिहावं लागेल. आणि व्हॉइस मेसेज जरा छोटे पाठवा.